रस्त्याच्या आड आलेली अतिउच्चदाब वाहिनी हलवायची कशी? नव्याने रुजू झालेल्या अभियंत्यासाठी

रस्त्याच्या प्रकल्पावर रुजू झालात की पहिल्या पंधरवड्यात ‘युटिलिटी शिफ्टिंग’ (रस्त्याच्या आड येणाऱ्या वाहिन्या हलवणं) नावाची एक जाड फाइल तुमच्या टेबलावर येऊन पडते. ती सहसा साइटवरच्या सगळ्यात नवख्या माणसाला मिळते, कारण तिच्यात डांबर नाही, काँक्रीट नाही, नुसती पत्रं आहेत असं वरिष्ठांना वाटतं. दीड वर्षाने सगळा रस्ता तयार होतो. मधले तीनशे मीटर तेवढे मुरमाचे राहतात, वरून २२० केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) तारा लोंबत असतात, आणि मग सगळे तुम्हाला शोधत येतात.

हा लेख त्या नवख्या माणसासाठी आहे. मी या कामात बरीच वर्षं दोन्ही बाजूंनी बसलो आहे, रस्त्याच्याही आणि वाहिनीच्याही. एक गोष्ट आधीच सांगतो. वाहिनी हलवण्यात पैसा अडत नाही, लोखंड अडत नाही. अडतात त्या तारखा. चालू वाहिनी बंद ठेवायला दोन-चार दिवस कधी मिळतील, त्या दिवसापासून उलट मोजत यायचं. पुढचं सगळं त्या उलट मोजणीच्या अंगाने वाचा.

वाहिनी कोणाची, हे आधी ठरवा

ऐकायला सोपं वाटतं, पण चुकीच्या कार्यालयाला पत्र गेल्यामुळे चार-चार महिने वाया गेलेले मी पाहिले आहेत. महाराष्ट्रात ११, २२ आणि ३३ केव्हीच्या वाहिन्या साधारणपणे महावितरणच्या. १०० केव्हीपासून वरच्या बहुतेक महापारेषण या राज्याच्या पारेषण कंपनीच्या. आंतरराज्य ४०० आणि ७६५ केव्ही वाहिन्यांपैकी बऱ्याच पॉवरग्रिडच्या, काही खाजगी पारेषण कंपन्यांच्या. मुंबई-रायगड पट्ट्यात टाटा पॉवरच्या ११० आणि २२० केव्ही वाहिन्या आहेत. दोन वाहिन्या शेजारून जात असतील तर दोन्ही एकाच मालकाच्या असतील असं धरू नका.

ओळखायचं कसं? टॉवरच्या पायाशी जा. धोक्याच्या पाटीच्या जवळ दुसरी एक पाटी असते, तिच्यावर वाहिनीचं नाव आणि टॉवरचा क्रमांक असतो. नाव म्हणजे दोन टोकांच्या उपकेंद्रांची नावं. पाटी गंजली असेल तर डिस्क मोजा, म्हणजे तार ज्या माळेने टॉवरला टांगलेली असते तिच्यातल्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या चकत्या: एका माळेत नऊ-दहा असल्या तर १३२ केव्ही, तेरा-चौदा असल्या तर २२०, तेवीसच्या आसपास आणि प्रत्येक फेजला दोन-दोन तारा असल्या तर ४०० केव्ही. पॉलिमरच्या अखंड माळा असतील तर ही युक्ती चालत नाही. मग तारेच्या मागेमागे उपकेंद्रापर्यंत जायचं. रस्ता ज्या दोन टॉवरांच्या मधून जातो त्या दोघांचे क्रमांक आणि आजूबाजूच्या आणखी दोन-दोन टॉवरांचे क्रमांक चेनेजसकट, म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनच्या अंतरासकट, लिहून घ्या. पुढच्या प्रत्येक पत्राच्या विषयात हे क्रमांक लागतात.

वाहिनी महापारेषणची असेल तर पत्र जातं ते त्यांच्या त्या भागातल्या ईएचव्ही ओ अँड एम, म्हणजे अतिउच्चदाब वाहिन्या चालवणाऱ्या आणि देखभाल करणाऱ्या, विभागाच्या कार्यकारी अभियंत्याला. नुसतं ‘वाहिनी स्थलांतरित करावी ही विनंती’ असं पत्र तिथे फाइलला लागतं आणि तिथेच राहतं. सोबत रस्त्याचा आराखडा, क्रॉसिंगच्या जागेचा छेद, तयार रस्त्याची पातळी म्हणजे एफआरएल, रस्त्याच्या हद्दीच्या दोन्ही रेषा, तिथे उड्डाणपूल किंवा भुयारी मार्ग असेल तर त्याचा नकाशा, आणि गुगल अर्थवर उघडेल अशी केएमएल फाइल द्या. हे सगळं दिलं की पुढचा माणूस नाइलाजाने का होईना कामाला लागतो.

संयुक्त पाहणी: इथेच पुढच्या भांडणांचा निकाल लागतो

ठरलेल्या दिवशी रस्त्याचे लोक, वाहिनीचे लोक आणि ठेकेदाराचा सर्व्हेअर एकत्र जागेवर जातात. टोटल स्टेशन हे मोजणीचं यंत्र लावून सगळ्यात खालच्या तारेची उंची मोजतात. या मोजणीत नवखे लोक दोन चुका हमखास करतात. दोन्ही मी स्वतः केलेल्या आहेत.

पहिली चूक, उंची आजच्या जमिनीपासून मोजणं. तिथे उद्या तीन मीटरचा भराव येणार असतो. उंची एफआरएलपासून धरायची, आणि पुढच्या दहा वर्षांत डांबराचे आणखी थर चढतील याचीही थोडी सोय ठेवायची.

दुसरी चूक जास्त महागात पडते. तार जितकी गरम तितकी ती खाली येते. उन्हाने तापते त्याहून जास्त ती स्वतःतून वाहणाऱ्या विजेने तापते. जुन्या वाहिन्यांचं डिझाइन तारेचं तापमान ७५ अंश सेल्सिअस धरून केलेलं असतं. हवेचं नव्हे, तारेचं. २२० केव्हीला महाराष्ट्रात सर्रास वापरतात ती झेब्रा तार, ३५० मीटरच्या गाळ्यात (दोन टॉवरांमधल्या अंतरात), थंडीतल्या सकाळच्या आणि डिझाइनच्या तापमानाच्या मध्ये मधोमध एक ते दीड मीटर खाली उतरते.

आता हिशेब पाहा. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा नियम आधी २०१० चे होते, आता २०२३ चे आहेत. त्यातला जुना सोपा हिशेब असा: ३३ केव्हीच्या वरच्या वाहिनीला जमिनीपासून ५.२ मीटर, अधिक पुढच्या प्रत्येक ३३ केव्हीला किंवा त्याच्या तुकड्यालाही ०.३ मीटर, रस्त्यावर कुठेही ६.१ मीटरपेक्षा कमी नाही. म्हणजे १३२ केव्हीला ६.१, २२० ला ७, ४०० ला ८.८ च्या आसपास. जानेवारीत सकाळी आठ वाजता आम्ही एका क्रॉसिंगवर मोजलं, जमिनीपासून तार १०.६ मीटर. रस्त्याची पातळी जमिनीपेक्षा २.८ मीटर वर येणार होती. उरले ७.८. सात लागतात, पावणेआठ आहेत, म्हणजे वाहिनीला हात लावायची गरज नाही, असं मी कागदावर लिहून सहीसुद्धा केली. वाहिनीच्या बाजूचे एक वयस्कर लाइनमन काका शेजारी तंबाखू मळत उभे होते. म्हणाले, “साहेब, एप्रिलात दुपारी दोनला या, मग बघा तार कुठं असती ती.” दीड मीटर वजा केला की उरतात ६.३. नापास.

तेव्हापासून मी पाहणीच्या कागदावर वेळ, हवेचं तापमान आणि त्या क्षणी वाहिनीवर किती भार होता हे तिन्ही लिहितो. भार उपकेंद्राला फोन केला की कळतो. या तीन आकड्यांवरून डिझाइन विभाग तार जास्तीत जास्त किती खाली येईल ते काढतो. आकडे नसतील तर त्या मोजणीला काही किंमत नाही.

सात मीटर हा कायद्याने ठरवलेला किमान आकडा. रस्त्याची यंत्रणा तिच्या करारात आणि परिपत्रकांत बहुधा याहून बरीच जास्त उंची मागते, आणि ती मागणी योग्यच आहे, कारण महामार्गावरून पवनचक्कीची पाती आणि उंच यंत्रं जातात. तुमच्या कराराच्या अनुसूचीत कोणता आकडा आहे तो स्वतः वाचा. ‘सगळीकडे अमुक असतं’ असं सांगणाऱ्यावर विसंबू नका.

आधी विचारा: रस्ताच थोडा सरकेल का?

हा प्रश्न विचारायला लोक लाजतात. डीपीआरच्या, म्हणजे सविस्तर प्रकल्प अहवालाच्या, टप्प्यावर रस्त्याची मध्यरेषा सरकवायला संगणकावर अर्धा दिवस लागतो. भूसंपादनाची अधिसूचना निघाल्यावर तीच गोष्ट अशक्य होते.

का विचारायचं ते झोळाच्या, म्हणजे तार जितकी खाली लोंबते त्याच्या, आकारावरून कळतं. दोन टॉवरांच्या मध्ये तार मधोमध सगळ्यात खाली असते. ३५० मीटरच्या गाळ्यात मधला झोळ ८.५ मीटर असेल तर टॉवरपासून ५० मीटरवर तो सव्वाचार मीटरच्या आसपास असतो. जमीन सपाट असेल तर रस्ता मधोमध न जाता एका टॉवरच्या जवळून गेला की तेवढ्यानेच सव्वाचार मीटर उंची जास्त मिळते, एक रुपयाही खर्च न होता. अर्थात टॉवरचा पाया रस्त्याच्या हद्दीत येता कामा नये, आणि रस्ता पुढे सहापदरी व्हायचा असेल तर त्या हद्दीतही नाही. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाची हद्द बहुतांश ठिकाणी १२० मीटर रुंद आहे. एवढ्या रुंदीत ३५० मीटरच्या गाळ्याचा तिसरा हिस्सा संपतो. तिथे सरकायला फारशी जागा नसते, पण साध्या चौपदरी रस्त्याला असते.

रस्ता सरकत नसेल तर उरतात तीन वाटा. भूमिगत केबल हा शब्द बैठकीत कोणीतरी हौसेने काढतोच. ११ ते ३३ केव्हीला ती वाट खरोखर चांगली आहे. २२० केव्हीला दोन्ही टोकांना केबलचा टॉवर किंवा छोटं यार्ड लागतं, केबल ऑर्डर देऊन बनवून घ्यावी लागते आणि खर्च हवेतल्या तारेच्या कित्येक पट जातो. दाट शहर किंवा विमानतळाजवळचा भाग सोडला तर तो शब्द तिथेच सोडून द्या.

दुसरी वाट, आहे त्याच रेषेत उंच टॉवर. तिसरी वाट, रेषा थोडी बाजूला घेऊन छोटा वळसा. कागदावर दुसरी वाट स्वस्त दिसते आणि नवखा तीच निवडतो. ती का फसवते ते पुढे सांगतो.

टॉवर कुठला आणि कुठे

क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना तार नुसती टांगून धरणारा टॉवर चालत नाही; तिला ओढून धरणारा, म्हणजे टेन्शन टॉवर लागतो. कारण सोपं आहे. पुढच्या गाळ्यात कुठेही तार तुटली तरी रस्त्यावरची तार खाली येता कामा नये. महाराष्ट्रातली भाषा ए, बी, सी, डी अशी आहे: ए म्हणजे सरळ रेषेतला, २ अंशांपर्यंत, बी १५ पर्यंत, सी ३० पर्यंत, डी ६० अंशांपर्यंत आणि शेवटच्या टॉवरलाही. मोठ्या क्रॉसिंगला दोन्हीकडे डी घालण्याचा रिवाज आहे, शिवाय डिस्कच्या दुहेरी माळा आणि त्या गाळ्यात तारेला एकही जोड नाही. वाहिनीने रस्ता शक्यतो काटकोनात ओलांडावा. तिरपी गेली की गाळा लांबतो, गाळा लांबला की झोळ वाढतो.

आता आहे त्याच रेषेची अडचण. जुन्या तारा डोक्यावर चालू असताना त्यांच्या बरोबर खाली पाया खोदता येईल, पण टॉवर उभारता येणार नाही. म्हणजे टॉवर उभा करण्यासाठीच शटडाऊन (वाहिनी बंद ठेवणं), मग तारा ओढण्यासाठी शटडाऊन. मधे पाऊस आला, क्रेन बिघडली, तर आठवडे जातात. रेषा वीस-तीस मीटर बाजूला घेतली तर पाया, उभारणी आणि नव्या गाळ्याच्या तारा ओढणं हे सगळं जुनी वाहिनी चालू असताना करता येतं. शटडाऊन लागतो तो फक्त दोन टोकांना जुनी तार कापून नवी जोडायला. टॉवर दोन जास्त लागतात, बंद ठेवायचे दिवस मात्र मोजके राहतात. माझं मत विचाराल तर, महत्त्वाच्या वाहिनीला नेहमी वळसा घ्या आणि जास्तीच्या टॉवरांचा खर्च आनंदाने द्या.

काही ठिकाणी तात्पुरती वाहिनी उभी करतात. ताणतारांनी धरलेले हलके ईआरएस मनोरे त्यासाठी असतात. मुळात ते वादळात टॉवर पडले तर वाहिनी पटकन सुरू करायला ठेवलेले असतात, त्यामुळे ते मागितल्यावर हातात येतीलच असं नाही.

मार्ग ठरवताना विहीर, घर, गोठा, शेततळं आणि गावठाण चुकवा. वाहिनीखालची पट्टी १३२ केव्हीला २७ मीटर, २२० ला ३५, ४०० ला ४६ ते ५२ मीटर धरतात. नाशिककडे द्राक्षबाग आणि सोलापूरकडे डाळिंब चुकवता आलं तर वळशाचा एक जास्तीचा टॉवरसुद्धा परवडतो. वनजमीन असेल तर वन मंजुरीसाठी केंद्राच्या परिवेश पोर्टलवरचा प्रस्ताव आजच सुरू करा. कोकणात खारफुटी आली तर उच्च न्यायालयाची परवानगी लागते, म्हणजे कॅलेंडर पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. जवळ रेल्वेमार्ग असेल तर रेल्वेची वेगळी मंजुरी लागते.

शेतकऱ्याकडे जाणं

इथे रस्त्याची माणसं सगळ्यात जास्त अडखळतात, कारण त्यांच्या सवयीत जमीन म्हणजे भूसंपादन. रस्त्यासाठी जमीन घेतली जाते, सातबारा बदलतो, मोबदला बँकेत येतो. वाहिनीसाठी जमीन घेतली जात नाही. सातबारा शेतकऱ्याच्याच नावावर राहतो, टॉवर त्याच्या वावरात उभा राहतो आणि त्याला नुकसानभरपाई मिळते. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६४ मुळे पारेषण कंपनीला जुन्या तार कायद्यातले अधिकार मिळू शकतात आणि अडथळा आला तर प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. पण हा अधिकार दाखवत शेतात जाणारा माणूस महिनाभर उशिराच पोचतो.

भरपाईचे आकडे तोंडपाठ ठेवा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला १५ टक्क्यांपर्यंत होतं. जून २०२४ च्या सुधारित सूचनांत तेच २०० टक्के आणि ३० टक्के झालं. राज्याचा स्वतःचा शासन निर्णय असतो आणि प्रत्यक्षात तोच लागू पडतो, म्हणून चालू शासन निर्णयाची प्रत खिशात असू द्या. पिकाची आणि झाडांची भरपाई वेगळी. त्याचा पंचनामा तलाठी आणि कृषी खात्याच्या माणसासमोर होतो. ही सगळी रक्कम रस्त्याच्या यंत्रणेने भरायच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेली हवी. नंतर आठवली तर ती मंजूर करून घ्यायला वेगळं वर्ष जातं.

पैशाइतकंच महत्त्व हंगामाला आहे. एका वावरात आम्ही नोव्हेंबरात पाया खोदायला गेलो. आजोबा बांधावर बसले होते. म्हणाले, “टॉवर बसवा, माझी ना नाही. पण ऊस तुटल्याबिगर पाय ठेवायचा नाय.” कारखान्याची टोळी जानेवारीअखेर आली. दोष त्यांचा नव्हता. आम्ही पाहणीच्या दिवशी शेतात काय उभं आहे आणि ते कधी निघेल हे विचारलंच नव्हतं. आता माझ्या पाहणीच्या तक्त्यात टॉवरच्या क्रमांकाशेजारी एक रकाना असतो: पीक आणि काढणीचा महिना. दिलेला शब्दही त्यातच लिहून ठेवतो, म्हणजे विहिरीकडची वाट मोडणार नाही, बांध पुन्हा घालून देऊ, असं जे काही बोललो असू ते.

अंदाजपत्रक आणि पैसे भरण्याच्या दोन तऱ्हा

वाहिनी आधी होती आणि रस्ता नंतर आला, तर खर्च रस्त्याचा. यात वाद नसतो. वाद असतो काम कोणी करायचं यावर. एक तऱ्हा अशी की पूर्ण रक्कम भरायची आणि वीज कंपनीने निविदा काढून काम करायचं. दुसरी तऱ्हा, काम रस्त्याच्या ठेकेदाराने परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून करून घ्यायचं आणि वीज कंपनीने देखरेख शुल्क घेऊन लक्ष ठेवायचं. महावितरणकडे ही दुसरी पद्धत ‘१.३ टक्के सुपरव्हिजन’ या नावाने गल्लीतल्या ठेकेदारालाही ठाऊक असते.

दुसरी तऱ्हा वेगवान आहे, पण सामान वीज कंपनीच्या मंजूर उत्पादकाकडचंच लागतं आणि त्याची कारखान्यात तपासणी होते. टॉवरचं डिझाइनही त्यांच्याच मान्यतेचं. डी प्रकारचा, नऊ मीटर वाढीव उंचीचा टॉवर कोणी दुकानात तयार ठेवत नाही. जुन्या तारा, डिस्क आणि लोखंड कोणाचं, कुठल्या भांडारात जमा करायचं आणि त्याची वजावट कशी, हे करारातच लिहून घ्या. भंगाराच्या वजनावरून अडकलेली अंतिम बिलं मी पाहिली आहेत, वजन फरक दीडशे किलोचा.

११, २२ आणि ३३ केव्हीचं काम संख्येने खूप असतं, पण डोकं कमी खातं. खांबांची यादी, जागेवरच्या खुणा, आणि आडव्या जाणाऱ्या प्रत्येक ठिकाणी रस्त्याखालून रिकामे पाइप. पाइप दोन जास्त टाका. रस्ता झाल्यावर तिसरं कनेक्शन मागायला कोणीतरी येतोच, आणि मग नवं डांबर फोडायचं कोणी?

उलटं कॅलेंडर

आता मूळ मुद्दा. वाहिनी बंद ठेवायची परवानगी उपकेंद्रातला अभियंता देत नाही. राज्यातल्या वाहिनीसाठी राज्य भार प्रेषण केंद्र, म्हणजे एसएलडीसी, आणि आंतरराज्य वाहिनीसाठी पश्चिम विभागीय वीज समितीच्या दर महिन्याच्या बैठकीत ती ठरते. प्रश्न एकच असतो: ही वाहिनी बंद असताना शेजारची दुसरी गेली तर काय?

हा प्रश्न पुस्तकी नाही. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई अंधारात गेली, लोकल थांबल्या. त्या वेळी कळवा-पडघा या ४०० केव्ही वाहिनीचं एक सर्किट (तीन तारांचा एक संच) आधीच बंद होतं, भार दुसऱ्यावर होता आणि दुसरंही गेलं. त्यामुळे ‘फक्त चार दिवस द्या’ असं म्हणताना समोरचा माणूस तुमच्याकडे असं का बघतो ते समजून घ्या.

मार्च ते मे मागणी शिगेला असते. या काळात महत्त्वाच्या वाहिनीला कोणी हात लावू देत नाही. ऑक्टोबरची उष्णताही वाईट. पावसाळ्यात भार कमी असतो, शटडाऊन मिळेल, पण काळ्या मातीत क्रेन रुतते आणि विजा कडाडत असताना कोणी टॉवरवर चढत नाही. उरतो डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. रब्बीच्या पाण्याचा भार असतो, तरी दिवस मिळतात.

समजा जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तार जोडायची आहे. तर शटडाऊनचा अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला. अर्ज करताना टॉवर उभे राहत आलेले दाखवावे लागतात, म्हणजे उभारणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत. काँक्रीटची पूर्ण ताकद २८ दिवसांची, म्हणून पाये ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला, म्हणजे खरीप निघाल्या निघाल्या. टॉवरचं लोखंड त्याआधी भांडारात, म्हणून ऑर्डर मे-जूनमध्ये. ऑर्डरच्या आधी मंजूर अंदाजपत्रक आणि भरलेली रक्कम, म्हणजे एप्रिल. अंदाजपत्रकाच्या आधी मार्ग, माती परीक्षण आणि डिझाइन. संयुक्त पाहणी त्याच्याही मागच्या नोव्हेंबरात. चौदा महिने झाले आणि अजून कोणी अडवलेलं नाही. यातला एक दुवा दोन महिने घसरला की काम दोन महिने लांबत नाही. ते थेट पुढच्या डिसेंबरात जातं. वरिष्ठांना समजवायला हे एक वाक्य पुरतं.

पायाबद्दल एवढंच: दख्खनच्या काळ्या मातीत आणि पाणी लागणाऱ्या जागी नेहमीचा पाया चालत नाही. प्रत्येक टॉवरच्या जागी माती पाहूनच पायाचा प्रकार ठरवा. टॉवरचा अर्थिंग रोध दहा ओहमच्या आत यावा लागतो, आणि खडकात तो येत नाही. तिथे लोखंडी पट्ट्या लांबवर पुरतात. हे पाया भरायच्या आधी करायचं असतं.

वाहिनी हलेपर्यंत तिच्याखाली रस्त्याचं काम

चौदा महिने रस्त्याचा ठेकेदार थांबत नाही. सगळ्यात मोठा धोका याच काळात असतो. भराव थराथराने वर येतो तसं तारेपर्यंतचं अंतर कमी होत जातं, आणि कोणाच्या लक्षात येत नाही. मग एक दिवस टिपर येतो आणि हौदा वर उचलतो. तारेला चिकटावंच लागतं असं नाही. एवढ्या दाबाची वीज मधल्या हवेतूनही उडी मारते.

म्हणून वाहिनीच्या पट्टीत टिपर उलटवायचाच नाही. बाहेर माती टाका आणि डोझरने ढकला. पट्टीच्या दोन्ही बाजूंना लाकडी किंवा बांबूच्या आडव्या दांड्याची कमान उभी करा, तिच्याहून उंच काहीही पलीकडे जाणार नाही. क्रेन आणि पायलिंगची रिग आणायची असेल तर वाहिनीच्या अभियंत्याचं लेखी पत्र आणि त्यांचा माणूस जागेवर हवा. भराव ठरलेल्या पातळीला आला की थांबायचं, अशी पातळीची खूण खांबावर लाल रंगाने मारा. रात्रपाळीचा चालक नकाशा वाचत नाही. टॉवरच्या पायाजवळ मातीचं खोदकाम करून पाया उघडा पडू देऊ नका. आणि हो, पट्टीखाली साइटचं कार्यालय, डिझेलची टाकी किंवा मजुरांच्या झोपड्या नकोत. सावली मिळते म्हणून मजूर टॉवरखाली पाळणासुद्धा बांधतात; रोज फेरी मारली तरच हे दिसतं.

जोडणीचे चार दिवस

आदल्या दिवशी सगळं जागेवर: तार, माळा, जोड दाबायचं यंत्र, दुसरं यंत्र राखीव, क्रेन, दोन टोळ्या. शटडाऊन मिळाला म्हणजे वाहिनी बंद झाली असं समजायचं नाही. दोन्ही टोकांच्या उपकेंद्रांतून परवाना कागदावर हातात येतो, मग डिस्चार्ज रॉडने तपासणी, मग कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना स्वतःचं अर्थिंग. एकाच टॉवरवर दोन सर्किटं असली (डबल सर्किट) आणि त्यातलं एक चालू असेल तर बंद सर्किटमध्येही शेजारच्या चालू तारांमुळे दाब चढतो. यात माणसं गेली आहेत. तिथे घाई करणारा तुम्ही असू नका, मग एसएलडीसीकडून कितीही फोन येवोत.

तार ओढल्यावर झोळ तक्त्याप्रमाणे, त्या वेळच्या तापमानाला, जुळवतात. क्रॉसिंगवर पुन्हा टोटल स्टेशन लावून उंची मोजा आणि संयुक्त सही घ्या. ज्या कागदासाठी दोन वर्षं घालवली तो हाच. फेजचा क्रम दोन्ही टोकांना तपासा. वाहिनीच्या माथ्यावरच्या तारेत ऑप्टिकल फायबर असेल तर त्याचा जोड जोडणारा माणूस वेगळा असतो, त्याला बोलवायला विसरतात आणि मग वाहिनी तयार असूनही संरक्षण यंत्रणेचा संदेश जात नाही. वाहिनीची लांबी बदलली असेल तर डिस्टन्स रिलेचं (बिघाड किती अंतरावर आहे ते ओळखून वाहिनी बंद करणाऱ्या यंत्राचं) सेटिंग तपासायला चाचणी विभागाला आधीच कळवलेलं हवं. विद्युत निरीक्षकांची मंजुरी आणि दूरसंचार समन्वयाची म्हणजे पीटीसीसीची मंजुरी हे कागद या दिवसांच्या आधी हातात असावे लागतात. पीटीसीसीला लागणारा वेळ नवख्याला नेहमी कमी वाटतो. मार्ग ठरला त्याच आठवड्यात तो अर्ज टाका.

चार्ज झाल्यावर उरलेलं

वाहिनी चार्ज झाली, म्हणजे तिच्यात पुन्हा वीज सोडली, की रस्त्याची माणसं पेढे वाटून पळतात. जुने टॉवर तसेच उभे राहतात आणि सहा महिन्यांत त्यांचं खालचं लोखंड चोरीला जायला लागतं. ते लगेच उतरवून भांडारात जमा करा, वजनाची पावती घ्या. नव्या टॉवरांवर क्रमांकाच्या आणि धोक्याच्या पाट्या, चढू नये म्हणून काटेरी तार, आणि प्रत्यक्ष झालं तसं दाखवणारा नकाशा दोन्ही कार्यालयांत. जमा रकमेचा हिशेब मागा. उरलेले पैसे मागितल्याशिवाय परत येत नाहीत.

जुन्या पायांच्या काँक्रीटच्या चिमण्या, म्हणजे टॉवरचे पाय धरणारे खुंट, जमिनीच्या वर तशाच सोडायच्या नाहीत. ट्रॅक्टरचा नांगर लागणार नाही इतक्या खोलीपर्यंत तोडा, खड्डा काळ्या मातीनेच बुजवा, मुरमाने नव्हे. मोडलेला बांध घालून द्या आणि तो शेतकरी समाधानी असल्याचं त्याच्याकडून लिहून घ्या. अंतिम बिलाच्या वेळी लेखा विभाग पहिला तोच कागद मागतो.